हिमाची सहल : आरक्षण आधी करावे की ऐनवेळी? कोलकात्याहून गुलमर्ग-औलीला निघणाऱ्यांसाठी निर्णयाचा हिशेब

कोलकाता : दुर्गापूजेचे मंडप उतरले की कोलकात्यातील घराघरांत हिवाळ्याच्या प्रवासाची चर्चा सुरू होते. बंगाली माणसाची भटकंतीची हौस सर्वश्रुत आहे. दीघा, पुरी आणि दार्जिलिंग या तीन ठिकाणांच्या आद्याक्षरांचा ‘दीपूदा’ हा शब्दच तेथील बोलीत रूढ झाला आहे. मात्र ज्यांना हिम नुसते पाहायचे नसून त्यावरून घसरत उतरायचेही आहे, त्यांना याहून बरेच दूर, काश्मीरमधील गुलमर्ग किंवा उत्तराखंडमधील औली येथे जावे लागते. अशा सहलीचे आरक्षण दोन महिने आधी करावे, की हिम पडल्याची खात्री झाल्यावर ऐनवेळी करावे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

कोकणात गणपतीला जाणाऱ्या चाकरमान्यांना आगाऊ आरक्षणाची निकड वेगळी समजावून सांगायला नको. परंतु गणपतीची तिथी ठरलेली असते, हिमवर्षावाची नसते. म्हणूनच या प्रश्नाचे ‘आधी’ किंवा ‘ऐनवेळी’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. सहलीचे घटक वेगळे करून पाहिले, तर उत्तर बरेच स्पष्ट होते. जे संपून जाते ते आधी धरून ठेवावे आणि जे अनिश्चित आहे त्याचे पैसे शक्य तितके उशिरा गुंतवावेत. रेल्वेचे शयनस्थान, प्रशिक्षणवर्गातील जागा आणि कार्यालयातील रजा ही संपणारी गोष्ट आहे. हिम, घाटरस्ता आणि परिसराची सुरक्षितता ही अनिश्चित गोष्ट आहे.

साठ दिवसांचा हिशेब

भारतीय रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. प्रवासाचा दिवस या मुदतीत मोजला जात नाही. त्यामुळे २४ जानेवारीला निघणाऱ्या गाडीचे आरक्षण २५ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता खुले होते. जुन्या नियमानुसार तेच आरक्षण २६ सप्टेंबरला, म्हणजे अनेकदा पूजेच्या सुमारासच करावे लागे. हिवाळ्याचा काहीही अंदाज नसताना घ्यावा लागणारा हा निर्णय आता कालीपूजा व दिवाळी उलटल्यावर घेता येतो. ‘आधी’ या शब्दाचा अर्थच निम्म्यावर आला आहे, आणि ही बाब प्रवाशाच्या हिताची आहे.

येथे एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. जाण्याचे आणि परतीचे आरक्षण एकाच दिवशी खुले होत नाही. आठ दिवसांनी परतायचे असेल, तर परतीच्या गाडीचे आरक्षणही आठ दिवसांनी उघडते. जाण्याचे तिकीट हाती आले म्हणून निश्चिंत राहिलेल्या कुटुंबाला परतीच्या गाडीत प्रतीक्षायादीवर समाधान मानावे लागते. दोन्ही तारखा दिनदर्शिकेवर आधीच नोंदवून ठेवणे हाच त्यावर उपाय होय.

कोलकात्याहून जम्मूला जाण्यासाठी हावड्याहून आठवड्यातून तीन दिवस सुटणारी हिमगिरी एक्सप्रेस आणि कोलकाता स्थानकाहून निघणारी जम्मू तवी एक्सप्रेस या परिचित गाड्या आहेत. औलीसाठी हावड्याहून दून एक्सप्रेसने ऋषिकेश गाठता येते. तेथून जोशीमठपर्यंतचा सुमारे २५० किलोमीटरचा मार्ग मोटारीने किंवा बसने पार करावा लागतो. जम्मूचा प्रवास दीड दिवसाहून अधिक काळाचा असल्याने शयनस्थानाविना तो करणे मुलांना व वृद्धांना सोसणारे नाही. म्हणून रेल्वेच्या बाबतीत आगाऊ आरक्षणाचा पक्ष भक्कम ठरतो. शिवाय निश्चित झालेले तिकीट पुरेसे आधी रद्द केल्यास ठरावीक शुल्क वजा होऊन उर्वरित रक्कम परत मिळते. गाडी सुटण्याची वेळ जसजशी जवळ येते, तसतशी कपात वाढते.

‘तत्काळ’ हा ऐनवेळचा मार्ग उपलब्ध आहे. मात्र त्यावर संपूर्ण सहल उभी करणे धोक्याचे आहे. हे आरक्षण गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता खुले होते. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी अनिवार्य झाली आहे. प्रवाशाने स्वतःहून रद्द केलेल्या निश्चित तत्काळ तिकिटाचा परतावा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

विमानाने जाणाऱ्यांचे गणित थोडे निराळे आहे. विमानभाडे मागणीनुसार बदलते आणि नाताळ-नववर्षाच्या दिवसांत ऐनवेळी ते चढेच असण्याची शक्यता अधिक. तथापि स्वस्त तिकीट रद्द केल्यास परत येणारी रक्कम बहुधा नगण्य असते. तिकीट घेताना भाड्याबरोबरच तारीख बदलण्याचे व रद्द करण्याचे शुल्क किती, हे वाचल्याशिवाय कोणते भाडे खरोखर स्वस्त आहे ते कळत नाही.

हिमाचे स्वतःचे वेळापत्रक

कोलकात्यातील शाळांची सुटी ‘बडोदिन’ म्हणजे नाताळच्या सुमारास असते. साहजिकच कुटुंबांची पहिली पसंती डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्याला मिळते. काश्मीरचे हवामान मात्र वेगळ्या वेळापत्रकाने चालते. तेथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. त्यामागून वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. म्हणजे नाताळात पोहोचणारा पर्यटक या सत्तर दिवसांच्या अगदी उंबरठ्यावर असतो. उतारांवर स्कीइंगला पुरेसा थर बहुतेक हिवाळ्यांत त्यानंतर, जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीत साचतो. नेमक्या त्याच सुमारास पश्चिम बंगालमध्ये माध्यमिक परीक्षेची धामधूम असते. ज्या घरात दहावीचा विद्यार्थी आहे, त्या घरापुरता निर्णय परीक्षामंडळच घेऊन टाकते!

हा हिमवर्षाव भूमध्य सागराच्या परिसरातून पूर्वेकडे सरकत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो. त्यांची संख्या आणि तीव्रता दरवर्षी सारखी नसते. जानेवारी २०२४ च्या पूर्वार्धात गुलमर्गचे उतार उघडे-बोडके पडले होते आणि निसर्गाने कूस बदलली ती महिनाअखेरीस. त्याच हंगामात फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तेथे खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा पार पडल्या. पुढच्या वर्षी उलट घडले. २२ फेब्रुवारी २०२५ पासून गुलमर्ग येथे होणाऱ्या याच स्पर्धा अपुऱ्या हिमामुळे पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या ९ ते १२ मार्च या काळात झाल्या. ज्या तारखा स्पर्धेच्या आयोजकांना साधल्या नाहीत, त्या दोन महिने आधी तिकीट काढणाऱ्या पर्यटकाला अचूक साधतील अशी अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे.

औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटर उंचीवर आहेत. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून तेथील गंडोला रज्जुमार्गाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, तर दुसरा अफरवाट पर्वताच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. उंची अधिक असल्याने हिम टिकण्याच्या दृष्टीने गुलमर्गचा वरचा भाग अधिक भरवशाचा आहे. परंतु तो नवशिक्यांसाठी नाही. पहिल्यांदा स्की पायाला बांधणाऱ्याला खालच्या सपाटीलगतचे उतारच उपयोगी पडतात आणि हिमाची पहिली टंचाई तेथेच जाणवते. त्यामुळे अनुभवी खेळाडूपेक्षा नवशिक्याने आगाऊ पैसे गुंतवताना अधिक सावध असावे.

युरोपातील आल्प्स पर्वतावरील अनेक स्थळांवर उतारांचा मोठा भाग यंत्राने तयार केलेल्या हिमाने झाकला जातो. त्यामुळे तेथे आगाऊ आरक्षणातील जोखीम काही अंशी कमी होते. भारतात औलीला अशी यंत्रणा बसविण्यात आली असली, तरी आपल्याकडील स्कीइंग मुख्यतः आकाशातून पडणाऱ्या हिमावरच चालते. परदेशी प्रवासपुस्तिकांतील ‘लवकर आरक्षण करा, पैसे वाचवा’ हा सल्ला म्हणूनच येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

सवलतीचे सोपे गणित

हॉटेलच्या खोलीबाबत दोन प्रकारचे दर बहुतेक ठिकाणी दिसतात. एक कमी असतो, पण रद्द केल्यास काहीच परत मिळत नाही. दुसरा जास्त असतो आणि ठरावीक दिवसापर्यंत पूर्ण परतावा मिळतो. यातील कोणता निवडावा, यासाठी एक सोपा नियम आहे. सवलत जितके टक्के आहे, त्यापेक्षा सहल रद्द होण्याची शक्यता कमी वाटत असेल, तरच परतावा नसलेला दर घ्यावा.

उदाहरणार्थ, चार रात्रींच्या मुक्कामाचा परताव्यासह दर २०,००० रुपये आणि परताव्याविना दर १६,००० रुपये आहे असे समजू. सवलत वीस टक्क्यांची आहे. पाच हिवाळ्यांपैकी एकदा सहल रद्द करावी लागेल असे गृहीत धरले, तर पाच वर्षांत दोन्ही पर्यायांचा खर्च ८०,००० रुपयेच होतो. स्वस्त दराने पाच वेळा १६,००० रुपये जातात, महाग दराने चार वेळा २०,००० रुपये जातात. त्याहून अधिक वेळा रद्द करावी लागणार असेल, तर स्वस्त खोलीच महाग पडते. नाताळच्या आठवड्यात स्कीइंगसाठी जाणाऱ्या नवशिक्याने ही शक्यता पाचात एकपेक्षा कमी धरणे धाडसाचे ठरेल. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यासाठी सवलतीचा मोह तुलनेने समर्थनीय आहे.

अर्थात हिम नसले तरी काश्मीर पाहायचेच आहे, असा ज्यांचा निश्चय असतो, त्यांची सहल हिमाअभावी रद्द होत नाही. म्हणून आरक्षणापूर्वी घरातील सर्वांनी एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावे : उतार कोरडा निघाला, तर आपण जाणार आहोत का? उत्तर ‘हो’ असेल, तर आगाऊ आरक्षणातील जोखीम मोठ्या प्रमाणात कमी होते.

प्रशिक्षण, गंडोला आणि भाड्याची सामग्री

गुलमर्गमध्ये स्कीइंगचा इतिहास जुना आहे. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये तेथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली. स्वातंत्र्योत्तर काळात तेथे केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था उभी राहिली. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेतही स्कीइंगचे अभ्यासक्रम घेतले जातात. अशा संस्थांच्या वर्गांच्या तारखा आधी जाहीर होतात आणि जागा मर्यादित असतात. शिकण्याच्या हेतूने जाणाऱ्याने प्रथम वर्गातील प्रवेश निश्चित करावा आणि मग त्यानुसार रेल्वेचे तिकीट काढावे. हा क्रम उलटा केल्यास तिकीट हाती आणि वर्ग भरलेला, अशी स्थिती होते.

याउलट स्की, बूट आणि उबदार कपडे यांचे भाडे आगाऊ भरण्याची निकड क्वचितच असते. ही सामग्री स्थानिक दुकानांत मिळते आणि बूट पायात घालून पाहिल्याशिवाय घेऊच नयेत. गंडोलाची तिकिटे ऑनलाइन विकली जातात आणि गर्दीच्या दिवसांत ती संपतात. म्हणून जाण्याचा निर्णय पक्का होताच ती काढावीत. मात्र जोराचा वारा वा हिमवादळ आल्यास, विशेषतः वरच्या टप्प्याची सेवा थांबवली जाते. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी गंडोला ठेवणे त्यामुळे शहाणपणाचे नाही.

रस्ता आणि सुरक्षितता

६ जून २०२५ रोजी चिनाब नदीवरील पुलाचे लोकार्पण झाले आणि त्यानंतर कटरा ते श्रीनगर वंदे भारत रेल्वेसेवा सुरू झाली. जम्मू-श्रीनगर महामार्ग दरडी वा हिमामुळे बंद पडला की पर्यटक अडकत असत. आता त्यांना रेल्वेचा पर्याय मिळाला आहे. परंतु हावड्याहून येणारी गाडी आणि पुढची गाडी यांत पुरेसा अवकाश ठेवणे आवश्यक आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर भारतात दाट धुके असते आणि गाड्यांना कित्येक तासांचा उशीर होऊ शकतो. जोडगाडी त्याच दिवशी पकडण्याऐवजी एका रात्रीचा मुक्काम मध्ये धरलेला बरा. हिमवर्षावानंतर तंगमर्ग ते गुलमर्ग या अखेरच्या चढावर साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना गती असलेली वाहनेच सोडली जातात, याचीही तजवीज ठेवावी.

औलीच्या बाबतीत जानेवारी २०२३ मधील जोशीमठची जमीन खचण्याची घटना विसरता येणार नाही. घरांना तडे गेले, अनेक कुटुंबांना स्थलांतर करावे लागले आणि जोशीमठ-औली रज्जुमार्गाची सेवा थांबविण्यात आली. ऐन स्कीइंगच्या हंगामात आलेल्या या संकटाची पूर्वसूचना नोव्हेंबरमध्ये आरक्षण करणाऱ्यांना असणे शक्य नव्हते.

कोलकात्याच्या प्रवाशांनी असे प्रसंग जवळून अनुभवले आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला सिक्कीममधील दक्षिण ल्होनक सरोवर फुटून तीस्ता नदीला महापूर आला. पूजेची सुटी जेमतेम दोन आठवड्यांवर होती आणि उत्तर सिक्कीमच्या सहली रद्द कराव्या लागल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये विजयादशमीला दोन-तीन दिवस उलटतात तोच दार्जिलिंग परिसरात अतिवृष्टी व दरडींनी जीवितहानी झाली आणि पर्यटक अडकून पडले.

त्याहून खोल जखम २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळील बैसरन येथे झाली. दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचा बळी गेला. त्यांत महाराष्ट्रातील सहा आणि पश्चिम बंगालमधील तीन पर्यटक होते. त्यानंतर काश्मीरमधील अनेक पर्यटनस्थळे काही काळ बंद ठेवण्यात आली आणि आरक्षणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाली. विमान कंपन्यांनी त्या वेळी श्रीनगरच्या तिकिटांवरील रद्द करण्याचे शुल्क माफ केले. मात्र असा दिलासा प्रत्येक वेळी आणि प्रत्येक सेवेत मिळेल असे नाही. जुलै २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी कोलकात्यात येऊन बंगालच्या पर्यटकांना पुन्हा काश्मीरला येण्याचे आवाहन केले. कोलकात्याच्या पाहुण्यांवर तेथील किती जणांची रोजी अवलंबून आहे, हे त्या भेटीतून दिसले. पर्यटकाने परताव्याची सोय असलेली खोली निवडणे म्हणजे त्या आवाहनावर अविश्वास दाखवणे नव्हे. उलट तशी सोय असली, तर मनात शंका असलेले कुटुंबही आरक्षण करण्यास धजावते.

ऐनवेळी निर्णय घेण्यात स्वतःचा एक धोका आहे. भरपूर हिम पडल्याची बातमी ऐकून लगेच निघणारा पर्यटक कधी कधी सर्वांत घातक दिवशी पोहोचतो. ताज्या हिमवर्षावानंतर तीव्र उतारांवर हिमस्खलनाची शक्यता वाढते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाट येथे हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गजवळच रशियाच्या एका स्कीपटूने प्राण गमावले. आखलेल्या उतारांबाहेर न जाणे आणि प्रशासनाच्या हिमस्खलन इशाऱ्याचे पालन करणे, याला पर्याय नाही.

विम्याबाबतचा गैरसमज

प्रवास विमा घेतला म्हणजे सर्व नुकसान भरून निघते, ही समजूत बरोबर नाही. आजारपण, अपघात किंवा सामान हरवणे यांसारखी कारणे पॉलिसीत नमूद असतात. ‘हिम पडले नाही’ हे कारण सामान्यतः त्यांत नसते. अनेक पॉलिसींत स्कीइंग हा साहसी खेळ म्हणून वगळलेला असतो आणि त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पाय मोडल्यास पर्वतावरून खाली आणण्याचा व उपचारांचा खर्च कोण देणार, हे लेखी वाचून मगच हप्ता भरावा.

निर्णयाचा क्रम

या साऱ्याचा विचार करता कोलकात्याहून, आणि थोड्या फरकाने मुंबई, पुणे वा नागपूरहूनही, निघणाऱ्या कुटुंबाला पुढील क्रम सोयीचा ठरेल. शक्य असल्यास तारीख जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची निवडावी. प्रशिक्षण घ्यायचे असल्यास वर्गातील जागा प्रथम मिळवावी. साठाव्या दिवशी जाण्याचे आणि त्यानंतर यथाकाल परतीचे रेल्वे आरक्षण करावे. त्याच वेळी पूर्ण परतावा देणारी खोली राखून ठेवावी आणि परताव्याची अखेरची तारीख लिहून ठेवावी.

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज प्रसिद्ध करतो. १८७५ मध्ये या विभागाची स्थापना झाली, तेव्हा त्याचे मुख्यालय कलकत्त्यातच होते. निघण्याच्या दोन आठवडे आधी हा अंदाज पाहावा आणि हॉटेलचालकाकडे उतारावरील हिमाची चौकशी करून त्याच दिवशी काढलेले छायाचित्र मागवावे. खोलीच्या परताव्याची मुदत संपण्यापूर्वी अंतिम निर्णय घ्यावा. जायचे ठरल्यास गंडोलाची तिकिटे आणि स्थानिक वाहन निश्चित करावे. न जाण्याचे ठरल्यास रेल्वे व खोली दोन्ही त्याच दिवशी रद्द करावी, कारण आशेवर वेळ घालवल्यास परतावा घटू शकतो.

ज्याला रजेची अडचण नाही, एकट्याने जायचे आहे, महाग विमानभाडे परवडते आणि मिळेल त्या खोलीत राहण्याची तयारी आहे, त्याने खुशाल ऐनवेळी निघावे. त्याला उत्तम हिम लाभण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक आहे. मुले, वृद्ध आई-वडील आणि ठरावीक रजा घेऊन निघणाऱ्यांनी मात्र तिकीट आधी काढावे आणि माघारीची वाट खुली ठेवावी.